डॉ. महेंद्रलाल सरकार आणि त्यांची विज्ञानसभा

कलकत्त्यास बदलून आलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबाला येथील जुनी मंडळी जी स्थळे आवर्जून पाहावयास सांगतात, त्यांची यादी बहुधा ठरलेली असते. दक्षिणेश्वर, बेलूर मठ, जोडासाँकोचा ठाकूरवाडा, व्हिक्टोरिया मेमोरियल, आणि सवड असल्यास शिवपूरचा तो प्रसिद्ध वटवृक्ष. बहुबाजारच्या रस्त्याचे नाव या यादीत नसते. सोन्याचांदीच्या पेढ्या आणि लाकूडसामानाची दुकाने यांनी गजबजलेल्या या रस्त्याला आता बिपिनबिहारी गांगुली यांचे नाव मिळाले आहे. या रस्त्यावर २१० क्रमांकाच्या जागेत १९२८ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तो शोध लावला, ज्याबद्दल त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढी माहिती शाळकरी मुलांनाही असते. परंतु सरकारी हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाला फावल्या वेळी वापरावयास मिळेल अशी प्रयोगशाळा त्या रस्त्यावर मुळात आली कोठून, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर म्हणजे डॉ. महेंद्रलाल सरकार यांचे चरित्र होय.

प्रस्तुत लेखक विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. बी. ए. ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेल्या आणि तीन दशके मंजुऱ्या, अनुदाने व खर्चाची विवरणपत्रे पाहण्यात घालविलेल्या माणसाने विज्ञानाच्या इतिहासावर लिहावे, याचे कदाचित नवल वाटेल. तथापि डॉ. सरकारांच्या आयुष्यातील खरा झगडा प्रयोगशाळेतला नव्हताच. तो पैशाचा, जागेचा, वर्गणीदारांचा आणि नेमणुकांचा झगडा होता. या विषयात मात्र आम्हा कारकुनी पेशाच्या लोकांना थोडीबहुत गती असते.

महेंद्रलालांचा जन्म २ नोव्हेंबर १८३३ रोजी हावड्याकडील पाईकपाडा या खेड्यात झाला. वयाच्या पाचव्या वर्षी वडील गेले, नवव्या वर्षी आई गेली. मुलाला कलकत्त्यात मामांनी वाढविले. हेअर साहेबांच्या शाळेत तो विनाशुल्क विद्यार्थी म्हणून शिकला आणि १८४९ साली शिष्यवृत्ती मिळवून हिंदू कॉलेजात गेला. तेथे इंग्रजी वाङ्मय, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांची उत्तम शिकवण मिळे, पण या मुलाला ओढ होती ती निसर्गविज्ञानाची आणि त्याची सोय तेथे जवळजवळ नव्हती. त्या काळी हिंदी विद्यार्थ्याला हाताने काही प्रयोग करावयाचा असेल, डोळ्यांनी काही पाहून शिकावयाचे असेल, तर कलकत्त्यात एकच दार उघडे होते, ते मेडिकल कॉलेजचे. १८५४ च्या सुमारास महेंद्रलाल त्या दाराने आत गेले. वैद्यकीचा ध्यास घेऊन ते वैद्य झाले असे म्हणण्यापेक्षा विज्ञानाचा पाठलाग करता करता वैद्यकीत पोहोचले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग सांगितला जातो. नातलगाच्या मुलाचे डोळे दाखविण्यासाठी ते कॉलेजच्या नेत्रविभागात गेले होते. तेथे प्राध्यापक वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना डोळ्याच्या रचनेवर प्रश्न विचारीत होते आणि उत्तर कोणालाच येत नव्हते. मागे उभ्या असलेल्या महेंद्रलालांनी ते दिले. हा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे हे कळल्यावर प्राध्यापक चकित झाले, आणि पुढे प्रकाशशास्त्रावर आपल्याच सहाध्यायांना व्याख्याने देण्याचे काम त्यांच्याकडे आले. १८६० साली त्यांनी सन्मानपूर्वक परीक्षा पूर्ण केली आणि १८६३ साली कलकत्ता विद्यापीठाची एम. डी. ही पदवी मिळविली. ती मिळविणारे त्यांच्या आधीचे हिंदी गृहस्थ एकच, चंद्रकुमार दे. तिशीतच महेंद्रलाल कलकत्त्यातील बड्या डॉक्टरांत गणले जाऊ लागले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची बंगाल शाखा निघाली तेव्हा तिच्या व्यासपीठावरून त्यांनी होमिओपॅथीवर कडक टीका केली होती. वैद्यक क्षेत्रातील युरोपीय मंडळी या तरुणावर खूष होती.

येथपर्यंतची कथा हुशार आणि यशस्वी माणसाची आहे. अशी माणसे त्या पिढीत बंगालमध्ये आणि आपल्या मुंबई-पुण्याकडेही बरीच होऊन गेली. पुढचे वळण मात्र विरळा.

होमिओपॅथीच्या तत्त्वज्ञानावरील एका पुस्तकाचे परीक्षण लिहिण्याचे काम महेंद्रलालांकडे आले. पुस्तक फाडून टाकावयाच्या तयारीनेच त्यांनी ते हाती घेतले असावे. परंतु न पडताळता मत देणे त्यांना पटेना. राजेंद्रलाल दत्त नावाचे एक धनिक गृहस्थ तेव्हा कलकत्त्यात होमिओपॅथीचे उपचार करीत असत. महेंद्रलाल त्यांच्याबरोबर रुग्णांकडे जाऊ लागले, टिपणे ठेवू लागले आणि हळूहळू त्यांचे मत पालटले. १६ फेब्रुवारी १८६७ रोजी मेडिकल असोसिएशनच्या वार्षिक सभेत त्यांनी तसा निबंधच वाचला. सभेत गदारोळ झाला. ज्या शाखेचे ते मानकरी होते तिनेच त्यांना दूर केले. रुग्णांची रीघ आटली, आणि काही महिने उत्पन्न जवळजवळ बंद पडले. होमिओपॅथीची तत्त्वे पुढील दीडशे वर्षांत आधुनिक विज्ञानाच्या कसोट्यांवर टिकली नाहीत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. महेंद्रलालांनी काढलेला निष्कर्ष बरोबर होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण जे आपल्याला पाहून पटले ते आपली मिळकत व मान पणाला लावून सभेत सांगणारा हा मनुष्य होता. ही वृत्तीच त्यांना पुढच्या कार्यासाठी उपयोगी पडली. शिवाय या बहिष्कारातून एक गोष्ट निष्पन्न झाली. आपले म्हणणे छापावयास इतर नियतकालिके तयार होईनात, म्हणून जानेवारी १८६८ पासून त्यांनी स्वतःचे कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन हे मासिक सुरू केले, आणि या मासिकातच ऑगस्ट १८६९ मध्ये तो लेख प्रसिद्ध झाला ज्यातून विज्ञानसभेचा जन्म झाला.

लेखाचा विषय असा होता की, हिंदी लोकांनी विज्ञानाची जोपासना करावी यासाठी एक राष्ट्रीय संस्था असणे आवश्यक आहे. आज हे वाक्य अगदी साधे वाटते. तेव्हाची परिस्थिती ध्यानात घेतली म्हणजे त्यातील धाडस कळते. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही तिन्ही विद्यापीठे १८५७ साली निघाली होती, परंतु ती केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणारी मंडळे होती. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, संशोधक अध्यापक नव्हते, तशी अपेक्षाही नव्हती. भूस्तर, वनस्पती, हवामान यांची सरकारी खाती होती. तेथे खरे शास्त्रीय काम चाले, पण त्यातील वरिष्ठ जागा युरोपीयांच्या आणि हिंदी माणूस मदतनीस. हिंदी मनुष्य काव्य-तत्त्वज्ञानात रमतो, त्याच्या बुद्धीला प्रयोगाची शिस्त मानवत नाही, असे मत त्या वेळचे अनेक शिक्षणाधिकारी उघडपणे मांडीत. महेंद्रलालांचे म्हणणे असे होते की, बुद्धी आहे, साधन आणि संधी नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन होती. डेव्ही आणि फॅरडे यांच्यासारख्यांनी तेथे प्रयोगही केले आणि सामान्य लोकांना व्याख्यानेही दिली. तसे दुहेरी काम करणारी संस्था त्यांना येथे हवी होती. तिची व्यवस्था पूर्णपणे हिंदी लोकांच्या हाती असावी आणि तिने सरकारच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, अशीही त्यांची अट होती. सरकारी मदत ते नाकारणार नव्हते, सरकारी ताबा मात्र त्यांना नको होता.

३ जानेवारी १८७० रोजी हिंदू पॅट्रिअट पत्रात संस्थेचे आवाहन प्रसिद्ध झाले आणि वर्गणीचे काम सुरू झाले. उत्तरपाड्याचे जमीनदार जयकृष्ण मुखर्जी यांनी एक हजार रुपये दिले. ईश्वरचंद्र विद्यासागरांनीही तेवढेच दिले. बंकिमचंद्रांनी १८७२ साली आपल्या बंगदर्शन मासिकातून बंगाली वाचकांना या कामाचे महत्त्व समजावून सांगितले आणि मदतीचे आवाहन केले. एवढे पाठबळ असूनही संस्था उभी राहावयास सहा वर्षे लागली. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीवर ज्यांनी काम केले आहे, गणेशोत्सवाआधी पावतीपुस्तक खिशात घालून जे साल्ट लेकपासून बेहालापर्यंत हिंडले आहेत, त्यांना या सहा वर्षांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. कबूल केलेली रक्कम आणि जमा झालेली रक्कम यांतील अंतर प्रत्येक शतकात सारखेच असते, असे दिसते. त्यात महेंद्रलालांना गोड बोलून काम साधण्याची कला अवगत नव्हती. ते फटकळ होते. श्रीमंतांच्या घरी जाऊन विज्ञानाऐवजी लग्नकार्यांवर आणि श्राद्धांवर पैसा उधळल्याबद्दल त्यांना सुनावण्यास ते कमी करीत नसत. वर्गणी मागणाऱ्याचा हा स्वभाव काही सोयीचा नव्हे.

दोन माणसांची साथ मात्र त्यांना भक्कम लाभली. एक होते सेंट झेव्हियर्स कॉलेजातील जेझुइट पाद्री फादर यूजीन लाफाँ. हे मूळचे बेल्जियमचे, १८६५ साली कलकत्त्यास आलेले, पदार्थविज्ञानाचे निष्णात अध्यापक. १८६७ च्या चक्रीवादळाची पूर्वसूचना आपल्या वेधांवरून त्यांनी दिली होती, तेव्हापासून शहर त्यांना ओळखू लागले होते. जगदीशचंद्र बोस हे त्यांचे विद्यार्थी. दुसरे होते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल. हे नाव आपल्याकडील वाचकांना परके नाही. नागपूरला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर म्हणून १८६० च्या दशकात त्यांनी काम केले होते आणि बंगालमधून ते पुढे १८७७ साली मुंबईचे गव्हर्नर होऊन गेले. टेंपल यांनी महेंद्रलालांच्या योजनेला अनुकूलता दाखविली, परंतु त्याच वेळी तिच्यापुढे एक मोठे संकटही उभे राहिले.

१८७५ साली शिशिरकुमार घोष यांच्या पुढाकाराने इंडियन लीग नावाची राजकीय सभा स्थापन झाली होती. प्रिन्स ऑफ वेल्सच्या हिंदुस्थानभेटीचे स्मारक म्हणून कलाकौशल्याची, म्हणजे आजच्या भाषेत तांत्रिक शिक्षणाची शाळा काढावी, अशी लीगची योजना होती. दोन्ही कामे विज्ञानाचीच आहेत, पैसा थोडा आहे, तेव्हा दोन्ही संस्था एक कराव्यात, असे सुचविले जाऊ लागले. लीगचा युक्तिवाद सहजासहजी उडवून लावण्याजोगा नव्हता. देश दरिद्री आहे, कारागीर उपाशी आहे, विलायती कापडाने विणकर बुडाला आहे. अशा देशात प्रकाशाचे किरण कसे वळतात याची चर्चा कोणाच्या उपयोगाची? आधी लोहारकाम, सुतारकाम, यंत्रे चालविणे शिकवा, पोट भरेल. शुद्ध विज्ञानाची चैन पुढे पाहता येईल.

महेंद्रलाल आणि लाफाँ यांनी याला जे उत्तर दिले ते या सर्व चरित्रातील सर्वांत मोलाचे आहे असे मला वाटते. यंत्र चालविणारा कारागीर शाळेत तयार होईल हे त्यांना मान्य होते. पण ते यंत्र कोणत्या नियमाने चालते हे शोधून काढणारी माणसे या देशात नसतील, तर या कारागिरांवर देखरेख करावयास युरोपीय माणूस कायमचा लागेल आणि नवे यंत्र नेहमीच बाहेरून येईल. लाफाँ स्वतः युरोपीय असूनही हा मुद्दा त्यांनी भर सभेत स्वच्छ शब्दांत मांडला. महेंद्रलालांना आपल्या देशबांधवांची या अपमानास्पद अवलंबित्वातून कालांतराने सुटका करावयाची आहे, लीगच्या मार्गाने ती होणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. सभा झाल्या, वर्तमानपत्रांत खडाजंगी झाली, आणि अखेर दोन्ही योजना वेगळ्या राहिल्या. लीगची शाळा पुढे फारशी नावारूपास आली नाही. मात्र वाद तिच्याबरोबर संपला नाही. आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देश विसाव्या शतकात स्वतंत्र झाले. त्या प्रत्येकाच्या अर्थसंकल्पात हा वाद नव्याने उभा राहिला, आणि आपल्या मंत्रालयांच्या फायलींवरील टिपणांतही तो वेगवेगळ्या हस्ताक्षरांत वाचावयास मिळतो. शिशिरबाबूंच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. भुकेचा प्रश्न विचारणारा मनुष्य चुकीचा प्रश्न विचारीत नसतो. परंतु पैसा थोडा असताना दोन भिन्न कामे एका खात्यावर टाकली की निकडीचे काम दूरदृष्टीच्या कामाला गिळून टाकते, हे महेंद्रलालांनी १८७६ साली ओळखले होते.

२९ जुलै १८७६ रोजी इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, बंगालीत भारतवर्षीय विज्ञान सभा, या संस्थेचे बहुबाजारात विधिपूर्वक उद्घाटन झाले. महेंद्रलाल चिटणीस झाले आणि अखेरपर्यंत चिटणीसच राहिले. व्याख्याने सुरू झाली. लाफाँ प्रयोगांसह पदार्थविज्ञान शिकवीत, महेंद्रलाल स्वतः शिकवीत. ही व्याख्याने ऐकावयास कॉलेजचे विद्यार्थी येत, कारण त्यांच्या कॉलेजांत प्रयोग पाहावयास मिळत नसत. पुढे जगदीशचंद्र बोस, भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस आणि गणितात विलक्षण गती असलेले तरुण आशुतोष मुखर्जी यांनीही तेथे व्याख्याने दिली. आशुतोषांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, ते पुढे पुन्हा यावयाचे आहे.

इमारतही झाली. व्याख्यानगृहाची कोनशिला १८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. कालीकृष्ण ठाकुरांनी उपकरणांसाठी पंचवीस हजार रुपये दिले. विजयानगरमच्या महाराजांनी प्रयोगशाळेसाठी चाळीस हजार दिले आणि तिला त्यांचे नाव मिळाले. सात इंची भिंगाची एक उत्कृष्ट दुर्बीण दानात आली.

आणि येथेच गाडे अडले. सरकारी लेख्यांत भांडवली खर्च आणि महसुली खर्च असे दोन भाग असतात. इमारत, उपकरणे, दुर्बीण हा पहिला भाग. ती चालविणाऱ्या माणसाचा दरमहा पगार हा दुसरा. पहिल्या भागासाठी पैसा मिळविणे सोपे असते. कोनशिलेवर नाव कोरता येते, उद्घाटनाला लाटसाहेब येतात. एखादा अभ्यासक निश्चिंत मनाने वीस वर्षे संशोधन करू शकेल एवढा निधी गुंतवून ठेवण्यात समारंभाला जागा नसते. महेंद्रलालांना हवे होते ते नेमके हे. पूर्णवेळ, पगारी, संशोधन करणारे प्राध्यापक नेमता यावेत एवढा कायम निधी ते वर्षानुवर्षे प्रत्येक वार्षिक सभेत मागत राहिले. तो निधी जमला नाही. व्याख्याते येत ते आपापली नोकरी सांभाळून, बहुतेक मानद. व्याख्याने संपली की उपकरणे कपाटात जात. संशोधन करावे म्हणून जी संस्था काढली ती उत्तम व्याख्यानमाला होऊन बसली. व्याख्यानांचे मोल कमी नव्हते, कारण एका पिढीला विज्ञानाची गोडी तेथे लागली. पण संस्थापकाला जे पाहावयाचे होते ते हे नव्हे.

या सर्व काळात त्यांची वैद्यकी जोरात चालली होती, किंबहुना संस्थेचा बराच भार त्या कमाईच्या आधाराने त्यांनी पेलला. वैद्य म्हणून त्यांचे नाव आज बंगालमध्ये घरोघर ठाऊक आहे ते मात्र एका रुग्णामुळे. १८८५ साली श्रीरामकृष्ण परमहंसांना घशाचा असाध्य विकार जडला तेव्हा श्यामपुकुर येथे महेंद्रलाल त्यांच्यावर उपचार करीत. आले की तासन् तास बसत, भक्तमंडळींशी कडाक्याचे वाद घालीत, मनुष्याला ईश्वराचा अवतार मानणे आपणास मान्य नाही असे तोंडावर सांगत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. इतर रुग्ण खोळंबले तरी त्यांना तेथून उठवत नसे. महेंद्रनाथ गुप्त यांच्या कथामृतात हे सर्व सविस्तर आले आहे. विज्ञानसभेचा चिटणीस आणि परमहंस यांच्यातील हा स्नेह बंगालच्या त्या शतकाचे एक लोभस चित्र आहे.

सार्वजनिक मान त्यांना मिळाले. १८८३ साली सी. आय. ई. हा किताब, १८८७ साली कलकत्त्याचे शेरीफपद, प्रांतिक कायदेमंडळाचे सभासदत्व, १८९८ साली विद्यापीठाची सन्माननीय पदवी. मनस्तापही मिळाला. १८७८ साली विद्यापीठाच्या वैद्यक शाखेवर त्यांचे नाव आले तेव्हा तेथील डॉक्टरांनी होमिओपॅथबरोबर बसण्यास नकार दिला होता. मुलींच्या विवाहाचे योग्य वय कोणते, असे केशवचंद्र सेन यांनी १८७१ साली नामांकित डॉक्टरांना विचारले, तेव्हा महेंद्रलालांनी सोळा असे उत्तर दिले. त्या काळच्या कलकत्त्यात ते किती लोकांना रुचले असेल याची कल्पना करता येईल. वैद्यनाथधाम येथे पत्नी राजकुमारी यांच्या नावाने त्यांनी महारोग्यांसाठी आश्रम काढला.

उतारवयात दम्याने आणि निराशेने त्यांना ग्रासले. शेवटच्या काही वर्षांतील सभेच्या अहवालांवर आणि भाषणांवर विषादाची गडद छाया आहे. आपल्या देशबांधवांना विज्ञानाची आस्था नाही, आपण आयुष्याची उमेदीची वर्षे एका निष्फळ प्रयत्नात घालविली, असा त्यांचा ग्रह झाला होता. २३ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीत जमशेटजी टाटा वारले. त्यांचीही संशोधनसंस्थेची योजना तोवर कागदावरच होती, बंगलोरची संस्था त्यांच्यानंतर १९०९ साली स्थापन झाली. हिशेब मांडावयाचा तर १९०४ साली हिंदी विज्ञानाच्या जमेच्या बाजूला जगदीशचंद्र आणि प्रफुल्लचंद्र राय यांची एकाकी धडपड आणि बहुबाजारातील ती कपाटबंद उपकरणे एवढेच दिसत होते.

चिटणिसाचे काम मुलाकडे, डॉ. अमृतलाल सरकार यांच्याकडे आले. त्यांनी संस्था बंद केली नाही, जागा विकली नाही. हे श्रेय त्यांना कोणी फारसे देत नाही. १९०७ साली फायनान्स खात्याच्या परीक्षेत पहिला आलेला एक अठरा वर्षांचा मद्रासी तरुण कलकत्त्यास असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाला. कचेरीच्या वाटेवर ट्राममधून त्याला २१० क्रमांकाच्या घरावरील पाटी दिसली. तो उतरला आणि आत गेला. दार उघडणारे आशुतोष दे हे संस्थेचे कर्मचारी, त्यांनी त्याला अमृतबाबूंकडे नेले. प्रयोग करावयास परवानगी मिळेल का, एवढेच त्याने विचारले. वडिलांनी ज्या माणसाची तीस वर्षे वाट पाहिली तो असा एका संध्याकाळी पाटी वाचून आला होता.

रामन यांनी पहाटे आणि कचेरी सुटल्यानंतर रात्रीपर्यंत तेथे काम केले. मध्यंतरी रंगूनला आणि १९१० च्या सुमारास आपल्या नागपूरला त्यांची बदली झाली, तेवढाच काय तो खंड. बदलीचे हुकूम शास्त्रज्ञालाही सोडीत नाहीत. तंतुवाद्यांच्या कंपनांवरील त्यांचे संशोधन संस्थेच्या बुलेटिनमधून प्रसिद्ध होऊ लागले आणि युरोपात वाचले जाऊ लागले. तोवर आशुतोष मुखर्जी कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते. तरुणपणी त्यांनी महेंद्रलालांच्या सभेत व्याख्याने दिली होती, तेथे काय उणे पडले हे त्यांनी जवळून पाहिले होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन विधिज्ञांकडून त्यांनी विद्यापीठासाठी मोठ्या देणग्या मिळविल्या. या देणग्यांतून प्राध्यापकांची कायम पदे निर्माण झाली, आणि ती हिंदी माणसांनाच मिळावीत अशी अट होती. जे जमीनदारांकडून महेंद्रलालांना मिळाले नाही ते दोन वकिलांनी दिले. १९१७ साली रामन सरकारी नोकरी सोडून, कमी पगारावर, पालित प्राध्यापक झाले, पण प्रयोग बहुबाजारातच करीत राहिले. १९१९ साली अमृतलालांच्या निधनानंतर ते सभेचे चिटणीसही झाले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी आणि कृष्णन यांनी विकिरित प्रकाशातील त्या नव्या रेषा निश्चित केल्या. त्या प्रयोगांत सूर्यप्रकाश एकवटण्यासाठी महेंद्रलालांच्या सभेतील ती सात इंची दुर्बीण उपयोगात आली होती.

रामन १९३३ साली बंगलोरला गेले. त्याच वर्षी सभेत संशोधन प्राध्यापकाचे एक कायम पद निर्माण झाले आणि त्याला महेंद्रलाल सरकारांचे नाव देण्यात आले. पहिले प्राध्यापक कृष्णन. संस्थापकाच्या मृत्यूला तेव्हा एकोणतीस वर्षे होऊन गेली होती. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या पुढाकाराने संस्था जादवपूरच्या प्रशस्त आवारात गेली आणि आजही ती तेथे नांदती आहे. बहुबाजारच्या जुन्या जागी आता वाणिज्याचे महाविद्यालय आहे.

आपल्या मराठी मंडळींनी आवर्जून लक्षात ठेवावा असा या कथेचा एक धागा पुण्यापर्यंत जातो. रासबिहारी घोष यांच्या देणगीतून निर्माण झालेल्या पदांपैकी वनस्पतिशास्त्राचे पद मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना मिळाले. आयुष्याची ऐन वर्षे त्यांनी या शहरात अध्यापन आणि संशोधन करण्यात घालविली. निवृत्त होऊन ते पुण्यास परतले आणि १९४६ साली तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधनासाठी एक संस्था काढली. तिचे नाव ठेवले महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. ते कोठून उचलले आहे हे सांगावयास नको. आघारकर १९६० साली वारले, आणि १९९२ पासून त्या संस्थेच्या संशोधनशाळेला त्यांचे नाव आहे. लॉ कॉलेजच्या शेजारी, आगरकर मार्गावर ती आहे. सुट्टीत पुण्याला गेल्यावर रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आघारकर आणि आगरकर यांत गल्लत होते, तेवढी सावधगिरी बाळगावी.